छत्तीस बरण्या

पंचविसाव्या बरणीवरचा केस जागेवर नव्हता. सव्विसाव्या बरणीवरचाही नव्हता. मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या बरण्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या. शुक्रवारी संध्याकाळी निघताना मी माझ्या डोक्यातले छत्तीस केस उपटून छत्तीस झाकणांवर आडवे ठेवले होते, दोन्ही टोकांना व्हॅसलिनचा टिपका लावून. आज सोमवारी सकाळी चोवीस जागच्या जागी होते. शेवटच्या बाराचा पत्ता नव्हता.

“काय हुडकायलात, बाई?” दारातून गिरजामावशींनी विचारलं. आमच्या केंद्रावरच्या कुंड्यांना पाणी घालायचं, रोपं उपटायची, मुळं धुवायची, ही सगळी कामं त्यांच्याकडे होती.

“केस.”

त्यांनी माझ्या वेणीकडे बघितलं. “डोस्क्यावर हायत की.”

“मावशी, काल रविवारी इथं कोण आलं होतं?”

“गुट्टे सायेब आले व्हते. दिसभर हितंच व्हते. च्यासुदिक घेतला न्हाई.”

“काय करत होते?”

“आता मला काय ठावं? दार आतून लावलेलं व्हतं.”

मी स्टुलावरून उतरले. खोटं कशाला बोलू, आतून मला बरंच वाटत होतं. चोर सापडला होता.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि माझा कुणावरही विश्वास नव्हता. दोष घरचा. वडील वजनमापे खात्यात निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांच्या तागड्या तपासून त्यांना अशी खोड लागली होती की आईनं आणलेली कोथिंबीरसुद्धा ते हातावर तोलून बघायचे. जेवताना सांगायचे, “शैला, माणूस गोड बोलायला लागला की आधी त्याच्या पारड्याखाली हात घालून बघावा.” भाऊ हसून सोडून द्यायचा. मी मात्र ते बाळकडूसारखं प्यायले.

आणि मराठवाड्यातल्या ज्या कृषी संशोधन केंद्रावर मी पीएच.डी.साठी येऊन पडले तिथं या गुणाला भलताच वाव होता. प्रयोगशाळा एक आणि विद्यार्थी दोन, मी आणि वैजनाथ गुट्टे. दोघांच्या कपाटांना वेगळी कुलपं. ऊर्ध्वपातित पाण्याच्या कॅनवर दोघंही पेनानं रेघ मारून ठेवायचो, दुसऱ्यानं किती घेतलं ते कळावं म्हणून. आमचे मार्गदर्शक डॉ. दिगंबर बोर्टीकर लवंग चघळत सांगायचे, “पुढच्या वर्षी दोघांपैकी एकालाच संशोधन सहायक म्हणून ठेवता येईल. बघू कोण काय करून दाखवतं.” एवढं ऐकल्यावर दोन शेजारी एकमेकांच्या भांड्यात डोकावणार नाहीत तर काय करतील?

गुट्टे उंच, काटकुळे, जरा तिरकस बोलणारे. माझ्या टेबलावर पुट्रेसिनची बाटली उघडली की दारातूनच म्हणायचे, “टेकाळे मॅडम, अत्तर सांडलं वाटतं.”

ते अत्तर म्हणजे माझ्या प्रबंधाचा विषय. सोयाबीनचं रोप उपटलं की मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. त्यात जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून रोपाला देतात आणि रोप त्यांना साखर खाऊ घालतं. या गाठींमध्ये पॉलिअमाईन नावाची रसायनं मुळाच्या इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त सापडतात. पुट्रेसिन आणि स्पर्मिडिन ही त्यांतली दोन. पहिल्याला मेलेल्या उंदराचा वास येतो. दुसऱ्याचं नाव कशावरून पडलं ते सरांनी भर बैठकीत समजावून सांगितलं, तेव्हा मी मान खाली घालून वहीत रेघोट्या ओढत बसले होते.

सरांचा तर्क सरळ होता. गाठीत जे भरपूर असतं ते पानांवर फवारून आणखी दिलं, तर गाठी वाढणार. गाठी वाढल्या की युरिया वाचणार. मी बहात्तर कुंड्यांत सोयाबीन लावलं. एक तृतीयांश कुंड्यांवर नुसतं पाणी फवारायचं, एक तृतीयांशावर पुट्रेसिन, उरलेल्यांवर स्पर्मिडिन. निम्मी रोपं ऑगस्टमध्ये उपटायची, निम्मी सप्टेंबरात. गिरजामावशी मुळं धुऊन फॉर्मॅलिनच्या बरणीत घालायच्या आणि कुंडीला बांधलेली अॅल्युमिनियमची आकड्याची पट्टी त्याच बरणीत सोडायच्या. मग मी चिमट्यानं गाठी मोजायचे आणि आकडा चिठ्ठीवर लिहून बरणीच्या बुडाला चिकटवायचे.

ऑगस्टच्या छत्तीस बरण्या मोजून झाल्या आणि माझं धाबं दणाणलं. नुसत्या पाण्याच्या रोपांना सरासरी चाळीस गाठी. पुट्रेसिनला जवळपास तेवढ्याच. आणि ज्या स्पर्मिडिननं गाठी वाढायच्या, त्याला बावीस. जवळजवळ निम्म्या.

मी पुन्हा मोजल्या. तेच. त्यातच माझ्या लक्षात आलं की फळीवरच्या बरण्या मी ठेवते तशा नाहीत. एका झाकणाचा आटा वाकडा बसलाय, एका बरणीखाली ओलं वर्तुळ आहे. गुरुवारी गुट्टे शेजारून गेले तेव्हा त्यांच्या बाहीला फॉर्मॅलिनचा वास आला. त्यांचं काम मातीवर होतं, फॉर्मॅलिनशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. रोप काही खोटं बोलत नाही, म्हटलं मी, म्हणजे माणूसच बोलत असणार. यानं पाण्याच्या आणि स्पर्मिडिनच्या पट्ट्यांची अदलाबदल केलीय. म्हणून ते केस.

सर दहा वाजता आले. मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वरून खाली आणि खालून वर वाचला.

“हे उलटं आलंय, टेकाळे.”

“हो सर.”

“मी विभागीय बैठकीत सांगून आलोय की गाठी वाढतायत. त्याच्या आधी इथल्या बैठकीतही सांगितलं.”

“तेव्हा माझी मोजणी व्हायची होती, सर.”

“अहो, उत्साहाच्या भरात बोललो. तुमचं कौतुकच केलं ना?” त्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. “आता हे कसं दाखवू?”

“सर, माझ्या बरण्या कुणीतरी उघडतंय.”

मी केसांची हकीकत सांगितली. सर हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला.

“कोण? नाव घ्या.”

“गुट्टे.”

“तोंडी नको. लेखी द्या.”

मी तिथंच बसून अर्ज लिहिला. ‘माझ्या नमुन्यांच्या पट्ट्या बदलल्या असाव्यात असा मला संशय आहे’ असं शेवटचं वाक्य होतं. सरांनी वाचून कागद परत माझ्याकडे सरकवला.

“संशय काढा. ‘बदलल्या आहेत’ असं लिहा. ऑफिसात संशय चालत नाही.”

मी दुसरा कागद घेतला आणि सगळं पुन्हा लिहिलं. ‘बदलल्या आहेत.’ खाली सही केली, तारीख घातली. हे लिहिताना पेन अडखळलं वगैरे काही नाही. चांगलं सरसर चाललं.

गुट्टे आले आणि सरांनी त्यांना लगेच आत बोलावलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते.

“गुट्टे, तुम्ही टेकाळेंच्या बरण्या उघडल्या?”

“उघडल्या.”

माणूस कानांवर हात ठेवेल अशी माझी खात्री होती. इतक्या सरळ उत्तरानं मीच दचकले.

“कशासाठी?”

गुट्टे उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या अर्जावर गेली. कागद त्यांच्या बाजूनं उलटा होता, तरी त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

“ते मी सांगणार नाही.”

“पट्ट्या बदलल्यात?”

“नाही.”

“मग उघडल्या कशाला? वास घ्यायला?”

“मॅडमना विचारा,” गुट्टे म्हणाले. “त्यांना सगळं आधीच ठाऊक आहे.”

आठ दिवसांत त्यांना केंद्रावरून काढलं. गैरवर्तनाचा शेरा मारून कागद मुख्यालयाला गेले, शिष्यवृत्ती थांबली. ते आपलं सामान एका खोक्यात भरून निघून गेले. मी त्यांच्या कॅनवरची रेघ पुसली आणि पूर्ण कॅन वापरायला घेतला. मला आनंद झाला होता, लपवत नाही. रात्री पोटभर जेवून झोपायचे.

सप्टेंबरात उरलेल्या छत्तीस कुंड्या उपटायची वेळ आली. कुंड्यांच्या शेडला मी स्वतःचं कुलूप घातलं होतं. तरी आदल्या दिवशी मनात किडा वळवळलाच. गुट्ट्यांनी जाण्यापूर्वी कुंड्यांवरच्या पट्ट्याही बदलून ठेवल्या असल्या तर?

“मावशी, ह्या पट्ट्यांना कुणी हात लावलाय का?”

“कंच्या पट्ट्या?”

“ह्या. आकड्याच्या.”

“मला कुठं आकडं वाचता येतात, बाई? मी पट्टी बगतच न्हाई. कुंडी बगते.”

“कुंडी बघून काय कळणार? सगळ्या सारख्या.”

गिरजामावशींनी कमरेवर हात ठेवले. “सारख्या? आवो, आमच्या घरच्या आव्यातल्या कुंड्या हायत ह्या. धन्यानं चाकावर काढल्या, म्या थापल्या, म्या भाजल्या. आपलं लेकरू वळखायला कुनी पट्टी बांधती का?”

त्या कुंभारवाड्यातल्या होत्या हे मला माहीत होतं. पण केंद्राच्या कुंड्या त्यांच्याच घरून येतात हे मी दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं बाई फुशारकी मारतेय. म्हटलं, होऊन जाऊ दे. त्यांना बाहेर पाठवून मी वहीत प्रत्येक पट्टीच्या आकड्यापुढे त्या कुंडीची बारीकसारीक खूण टिपून घेतली, सगळ्या पट्ट्या सोडल्या आणि छत्तीस कुंड्या हव्या तशा हलवून ठेवल्या. तासभर गेला, कंबर मोडली. मग त्यांना आत बोलावलं. फवारणीच्या तीन बाटल्यांना मी पांढरं, पिवळं आणि लाल फडकं बांधलेलं असायचं. लाल म्हणजे स्पर्मिडिन.

“लाल फडक्याच्या बाटलीनं फवारलेल्या तेवढ्या काढून द्या.”

त्या कुंड्यांमधून भाजीबाजारात हिंडावं तशा हिंडल्या. “ही वाकड्या काठाची. हिच्यावर लाल मारताना शेजारच्या कुंडीवर उडू न्हाई म्हनून म्या पुठ्ठा धरला व्हता, तुमी वरडलात, मावशी हात हलवू नका. ही काळी पडल्याली, आव्यात कडंला व्हती. हिच्या बुडाला माझ्या नातीचं बोट उठलंय, बगा. ही बी लाल. ही न्हाई, ही पिवळी.”

बारा कुंड्या काढून त्यांनी ओळीत लावल्या. मी वही उघडून ताडून पाहिलं. बाराच्या बारा बरोबर. पट्ट्यांना कुणीही हात लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघींनी रोपं उपटली. बरणीत घालायचीसुद्धा वाट बघितली नाही, धुतली की लगेच टेबलावर घेऊन मी मोजत होते. पाण्याची रोपं: अठ्ठेचाळीस, एक्कावन्न, चव्वेचाळीस. लाल फडक्याची: तेवीस, सव्वीस, एकवीस. बारावं रोप मोजून मी चिमटा खाली ठेवला.

“लालवाल्यांला कमी हायत की,” गिरजामावशी म्हणाल्या.

“हो.”

“मंग आसं तोंड कशापायी पाडलं? झाडाला पुरं झालं आसंल.”

“काय पुरं झालं?”

“खानारी तोंडं. तुमीच म्हनला व्हता ना, गाठीतल्या किड्यांला झाड जेवू घालतं म्हनून? मंग रांधनारी बाई दारात येईल त्या समद्यांला पाटावर घेती व्हय? येका टायमाला ती बी म्हनती, आता बास.”

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पुरेशा गाठी झाल्या की पानांकडून मुळांना निरोप जातो आणि नव्या गाठी धरायच्या थांबतात. परीक्षेत मी त्यावर टिपा लिहिल्या होत्या. पानांवर फवारलेलं स्पर्मिडिन त्या निरोपातलाच एखादा शब्द असेल, हा विचार कुणालाही सुचावा असा होता. मला सुचला नाही, कारण मी महिनाभर फक्त गुट्ट्यांचा विचार करत होते. आकडा पहिल्यापासून खरा होता. त्या माणसानं काहीही बदललं नव्हतं आणि मी सही करून लिहून दिलं होतं की बदललं आहे.

मी दोन्ही तक्ते घेऊन सरांकडे गेले. सगळं सांगितलं. कुंड्यांचीही गोष्ट सांगितली.

“मग काय करायचं म्हणताय?”

“स्पर्मिडिननं गाठी कमी होतात असं लिहायचं, सर. आणि माझा अर्ज मागे घ्यायचा.”

सरांनी ड्रॉवरमधून फाईल काढली आणि माझा अर्ज माझ्यापुढे धरला. “तुमचंच अक्षर ना हे? ‘बदलल्या आहेत.’ म्हणजे आकडे चुकीच्या पट्ट्यांखाली पडलेत हे तुम्ही स्वतः लिहून दिलंय. तेव्हा आता सरळ करायचं. पाण्याचे आकडे स्पर्मिडिनच्या रकान्यात, स्पर्मिडिनचे पाण्याच्या. दोन रकाने इकडचे तिकडे, बस्स.”

“पण दुसऱ्या खेपेलाही तेच आलंय.”

“जाण्यापूर्वी कुंड्यांवरही हात मारून गेला असेल. मुरलेला माणूस आहे.”

“गिरजामावशींनी बाराही कुंड्या ओळखल्या, सर.”

“प्रबंधात काय लिहिणार? संदर्भ: गिरजाबाई?” आता मात्र ते हसले. “हे बघा टेकाळे, तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी त्या मुळ्या मोजल्यात का? नाही. मग तुमच्या एकटीच्या आकड्याला कोण विचारतो? आठ दिवसांत तक्ता दुरुस्त करून, सही करून द्या. मग सहायकाच्या जागेचं बघू.”

एखाद्या दुकानदाराच्या तागडीखाली चिकटवलेला मेणाचा गोळा वडिलांनी मला लहानपणी दाखवला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, तो गोळा मीच आहे. तक्त्यावर सही केली असती तर माझी पीएच.डी. होती, नोकरी होती, आणि गुट्टे जन्मभर लबाड ठरले असते. पाचव्या दिवशी मी एसटीत बसले.

गुट्ट्यांचं गाव गंगाखेडच्या पुढे, बालाघाटाच्या अंगाला. फाट्यावर उतरून मैलभर चालले. ते शेतातच होते, ताडपत्रीवर उडीद पसरून काठीनं बडवत. मला बघून काठी थांबली, पण खाली ठेवली नाही.

“कुणाचे केस मोजायला आलात?” केसांची गोष्ट केंद्रभर झाली होती तर.

“मी अर्ज मागे घेणार आहे.”

“घ्या. मला काय त्याचं?” त्यांनी दोन-चार काठ्या हाणल्या. मग काय वाटलं कोण जाणे, कळशीतून तांब्या भरून माझ्यापुढे धरला. “उन्हाचं आलात. पाणी घ्या.”

मी पाणी प्यायले आणि ताडपत्रीच्या कडेला बसले. “गुट्टे, मी चुकले. तुम्ही काही केलं नव्हतं. फक्त एक सांगा. बरण्या कशाला उघडल्या होत्या?”

“मोजायला.”

“काय?”

“गाठी. दुसरं काय असतं त्यात?” ते माझ्यासमोर उकिडवे बसले. “सर बैठकीत म्हणाले, टेकाळेंचे निकाल अपेक्षेप्रमाणे येऊ लागलेत. अपेक्षेप्रमाणे कुणाचे येतात, मॅडम? माझे चार वर्षांत एकदा नाही आले. म्हटलं, ही बाई सरांना खूश करायला घरी बसून आकडे लिहायली. जागा हिच्याच घशात जाणार. म्हणून एकेक बरणी उघडून स्वतः मोजायचो, आकडा लिहायचो, आणि मग बरणी उलटी करून तुमची चिठ्ठी बघायचो.”

“म्हणजे तुम्ही माझ्यावर...”

“संशय घेतला. तुम्हालाच तेवढा घेता येतो का?”

उडदाच्या शेंगा उन्हात तडतडत होत्या. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी पदर तोंडाला लावला. ते दुसरीकडे बघत राहिले.

“माझे आकडे जुळले?”

“एखाद-दुसऱ्या गाठीचा फरक. बाकी सगळे जुळले.”

“मग सरांसमोर बोलला का नाहीत? तुम्हीही सुटला असतात, मीही.”

“बोलणारच होतो. तुमचा अर्ज दिसला आणि टाळकं सरकलं.” त्यांनी एक शेंग उचलून चिरडली. “म्हटलं, हिचा खरा आकडा हिलाच खोटा वाटायला, तर वाटू द्या. बुडू द्या हिला. मी मोजलंय हे सांगितलं असतं तर तुमचं काम तरलं असतं. मुद्दाम नाही सांगितलं. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही, मॅडम.”

मी सरांनी काय करायला सांगितलंय ते सांगितलं. रकाने बदलायचे म्हणताच ते उठून घराकडे गेले. मला वाटलं आता येत नाहीत. दहा मिनिटांनी आले ते एक शंभर पानी वही घेऊन.

“ही घ्या. छत्तीस बरण्या, तारखेवार. दुसऱ्या कुणी मोजलंय का विचारायले ना? हे दाखवा.” मी वही घेतली तेव्हा पुढे म्हणाले, “नाव घालायचं तर मोजणारा म्हणून घाला. बरण्या उघडणारा म्हणून नको.”

पुढचं थोडक्यात सांगते. मी अर्ज मागे घेतला आणि त्याला गुट्ट्यांच्या वहीची प्रत जोडली. बोर्टीकर सरांनी माझं मार्गदर्शन सोडलं. सहायकाची जागा आम्हा दोघांनाही मिळाली नाही. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे माझी आणखी तीन वर्षं गेली. प्रबंधात दोन मोजण्यांचे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत, एक माझा आणि एक वै. गुट्टे यांचा, आणि आभारांच्या पानावर गिरजामावशींचं नाव आहे. गुट्ट्यांवरचा शेरा काढला गेला, पण ते केंद्रावर परतले नाहीत. परळीला कॉलेजात शिकवू लागले. सात-आठ वर्षांनी एका परदेशी नियतकालिकात आला तो निष्कर्षही आमच्यासारखाच होता, पानांवर स्पर्मिडिन दिलं की सोयाबीनच्या गाठी घटतात. आमचं कुणी वाचलेलं नव्हतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण ते सोसण्यासारखं होतं.

सोसायला जड गेलं ते दुसरंच, त्या दिवशीच्या परतीच्या एसटीतलं. खिडकीशी जागा मिळाली म्हणून मी वही मांडीवर उघडली. बारीक, गोल अक्षर. बरणीचा क्रमांक, गाठी, पुढे कंसात माझ्या चिठ्ठीवरचा आकडा. एक ते छत्तीस. त्याच्या खाली, रकान्याच्या बाहेर, त्यांनी स्वतःसाठी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या:

‘२३ ऑगस्ट, रविवार. छत्तीस पूर्ण. टेकाळेंचा एकही आकडा खोटा नाही. मी उगीच संशय घेतला. उद्या गेल्यावर आधी त्यांची माफी मागणे, मग दोघांनी मिळून सरांना सांगणे.’

दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला, गुट्टे नेहमीच्या पॅसेंजरनं अकरा वाजता पोचले होते. माझा अर्ज साडेदहापासून सरांच्या टेबलावर होता.